क्रिस्टा लुडिंग-रोथेनबुर्गर: बर्फावरची मोठी की सायकलवरची?

पदकं मोजली तर पूर्व जर्मनीच्या क्रिस्टाचं बर्फाकडचं पारडं सरळ जड. स्पीड स्केटिंगमध्ये (बर्फावरच्या वेगाच्या शर्यतीत) १९८४ ला सारायेव्होत ५०० मीटरचं सुवर्ण, १९८८ ला कॅल्गरीत १००० मीटरचं सुवर्ण आणि ५०० मीटरचं रौप्य, १९९२ ला कांस्य. सायकलिंगमध्ये ऑलिंपिकचं एकच रौप्य, १९८८ च्या सोलमधलं. (१९८६ ची स्प्रिंटमधली, म्हणजे ट्रॅकवर दोघींत होणाऱ्या छोट्या सायकल शर्यतीतली, जगज्जेती तीच, हे विसरू नये.)

मांड्यांची ताकद दोन्हीकडे लागते, पण डोकं वेगळं. स्केटिंगमध्ये लढत घड्याळाशी. बार झाला की जीव तोडून सुटायचं. स्प्रिंटमध्ये दोघी आधी रेंगाळतात, एकमेकींचा अंदाज घेतात, कधी सायकल जागच्या जागी तोलून धरतात आणि अचानक मुसंडी मारतात. म्हणून मला सोलचं ते रौप्यच जास्त मोलाचं वाटतं. एकाच वर्षात हिवाळी आणि उन्हाळी पदक दुसऱ्या कुणालाच जमलं नाही, आणि १९९२ नंतर तर दोन्ही ऑलिंपिक वेगवेगळ्या वर्षी ठेवली जाऊ लागली.