नेरूळमधला नॅचरल लॉचा क्लास, हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्यांनी तर नक्की करा

रेटिंग पाचपैकी चार. एक स्टार का कापला ते खाली सांगते.

नेरूळ स्टेशनवरून चालत जाता येतं अशा एका चर्चच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी दोन तास हा क्लास असतो. विषय ख्रिश्चन नीतिशास्त्रातला नॅचरल लॉ, म्हणजे चांगलं-वाईट माणसाच्या बुद्धीला मुळातूनच कळतं हा विचार. शिकवणारे फादर आधी सेमिनरीत (पाद्री घडवणाऱ्या संस्थेत) फिलॉसॉफी शिकवायचे, आता रिटायर झालेत. भाषा मराठी, अधेमधे इंग्रजी. फी नाही, बाहेर पेटी आहे त्यात जमेल ते टाकायचं. मी ख्रिश्चन नाही, पॅलिएटिव्ह वॉर्डला (गंभीर आजाऱ्यांचं दुखणं कमी करणाऱ्या) नर्स आहे, मैत्रिणीने सांगितलं म्हणून गेले, आणि धर्म गळ्यात मारतील अशी शंका कोणाला असेल तर आधीच सांगते की तसलं काहीच झालं नाही.

सुरुवातच मला आवडली. दहा आज्ञा वगैरे बाजूला ठेवून फादरांनी थेट थॉमस अक्वायनस काढला. तेराव्या शतकातला डॉमिनिकन साधू, १२७४ मध्ये वारला, त्याचा सुम्मा थिओलॉजिए नावाचा भलामोठा ग्रंथ आहे आणि त्यात कायद्यावर एक आख्खं प्रकरण आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की चांगलं ते करावं आणि वाईट ते टाळावं ही पहिली गोष्ट माणसाच्या बुद्धीला कोणी न शिकवता कळते, आणि चांगलं म्हणजे काय ते माणसाची मुळातली ओढ कशाकडे आहे त्यावरून समजतं: जीव जपायचा, मुलंबाळं वाढवायची, सत्य शोधायचं, चार माणसांत मिळून राहायचं. सेंट पॉलने रोमकरांना लिहिलेल्या पत्रातही आहे म्हणे, की ज्यांना मोशेचं नियमशास्त्र मिळालंच नाही त्यांच्याही मनावर ते लिहिलेलं असतं. म्हणजे हिंदू, मुसलमान, नास्तिक कोणीही या चर्चेत बसू शकतो, आणि आमच्या क्लासमध्ये खरंच सगळे बसले होते.

यातला बारकावा फादरांनी एका उदाहरणातून दाखवला. अक्वायनस म्हणतो दुसऱ्याची ठेव परत करावी हा नियम बुद्धीला पटणारा आहे, पण तो प्रत्येक वेळी लागू होत नाही, समजा तो माणूस ती ठेव देशाविरुद्ध लढायलाच मागत असेल तर? फादरांनी ते आपल्याकडे आणलं, म्हणाले शेजाऱ्याने कोयता ठेवायला दिलाय आणि तो परत मागतोय, द्यायचा का. पुढच्या रांगेतल्या करावे गावच्या एक काकू पटकन म्हणाल्या, "पिऊन भावाशी भांडून आला असेल तर मी नाय देणार, उद्या ये म्हणेन." फादर खूश. म्हणाले काकू, तुम्ही तेच बोललात, मूळ नियम पक्का पण जितकं खाली बारीक प्रसंगात उतराल तितके अपवाद वाढतात, म्हणून रोज डोकं वापरावं लागतं. हे मला फार पटलं, कारण नॅचरल लॉ म्हणजे एक जाडं रूलबुक अशीच माझी समजूत होती.

पण पैसे वसूल (पैसे नव्हते तरी) झाले ते डबल इफेक्टच्या दिवशी. मूळ प्रश्न अक्वायनसने स्वसंरक्षणाबद्दल मांडलाय, जीव वाचवताना समोरचा मेला तर पाप का. त्याचं उत्तर, एकाच कृतीचे दोन परिणाम असू शकतात, एक आपल्याला हवा असलेला आणि दुसरा नको असलेला, पण जोर गरजेपुरताच लावायचा. नंतरच्या काळातल्या विचारवंतांनी यातून चार अटी काढल्या: कृती मुळात वाईट नको, हेतू चांगल्याचाच हवा, वाईट परिणाम हा चांगल्यापर्यंत पोचायचा रस्ता नको, आणि धोका पत्करण्याइतकं कारण मोठं हवं. मग फादरांनी फळ्यावर दोन डोस चार्ट काढले. एकात मॉर्फिन दुखण्याप्रमाणे थोडं थोडं वाढत जातं, दर वेळी पेशंटला विचारून, दुसऱ्यात एकदम इतकं दिलंय की दुखणं कितीही असलं तरी श्वास थांबावा. औषध तेच, सिरिंज तीच. मग त्यांनी विचारलं, पेशंट जगला तर पहिल्या डॉक्टरला वाईट वाटेल का, आणि दुसऱ्याला?

हॉल एकदम शांत झाला. मला रोज नातेवाईक कॉरिडॉरमध्ये अडवून विचारतात, "सिस्टर, या इंजेक्शनने जातील का हो ते?" आणि मी दुखणं कमी होईल एवढंच सांगून निघते. व्यवस्थित मोजून वाढवलेल्या मॉर्फिनने श्वास बंद पडणं फार क्वचित होतं हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय, पण ते देणं आणि मारणं यातला फरक नेमका कुठे आहे हे इतकं स्वच्छ मांडलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्येच भूलतज्ज्ञांसमोर बोलताना सांगितलं होतं की पेशंटवर साधे उपाय करणं बंधनकारक, पण असामान्य, अतिरेकी ओझं टाकणारे उपाय बंधनकारक नाहीत. मग चर्चा आपल्याकडे आली, कित्येक वर्षं बेशुद्धावस्थेत असलेल्या केईएमच्या नर्स अरुणा शानबाग यांच्या केसमधला २०११ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आणि लिव्हिंग विलला (शेवटी कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवण्याला) मान्यता देणारा २०१८ चा निकाल. दोन्हीकडची भाषा वेगळी, पण उपचार थांबवणं आणि जीव घेणं हे एकच का, हा प्रश्न दोन्हीकडे आहे.

मार्टिन ल्यूथर किंगवरचा तासही चांगला होता. अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून १९६३ मध्ये त्यांनी धर्मगुरूंना लिहिलेल्या पत्रात अक्वायनसचा आधार घेतलाय, की नॅचरल लॉमध्ये ज्याचं मूळ नाही तो कायदा अन्यायाचा. म्हणजे हा विचार फक्त बंधनं घालायला नाही तर सरकारला जाब विचारायलाही लागतो. एका मेथडिस्ट (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) काकांनी आठवण करून दिली की सगळे ख्रिश्चन हे मानत नाहीत, प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थने १९३४ मध्ये दुसऱ्या धर्मशास्त्रज्ञाला, एमिल ब्रुनरला, सरळ "नाही!" अशा नावाचं उत्तर छापलं होतं, कारण पापाने बिघडलेल्या माणसाच्या बुद्धीवर एवढा भरवसा कसा ठेवायचा. फादरांनी तो आक्षेप झटकला नाही, बराच वेळ दिला.

आता कापलेला स्टार. सगळे आक्षेप एकाच शेवटच्या शनिवारी कोंबले. तत्त्वज्ञ ह्यूमचा प्रश्न, जे आहे त्यावरून जे असावं ते कसं काढणार, हा या विषयाचा गाभा आहे, आणि त्यावर नॅचरल लॉ मानणाऱ्या ग्रिसेझने १९६५ मध्ये आणि फिनिसने १९८० मध्ये दिलेलं उत्तर, की मूलभूत चांगल्या गोष्टी निसर्गाकडे बघून काढाव्या लागत नाहीत, त्या बुद्धीला थेट कळतात, हे धावत धावत झालं. त्यातच कृत्रिम गर्भनिरोधन चुकीचं ठरवणारं १९६८ चं पोपचं परिपत्रक. एका मुलीने विचारलं की दिवस मोजून मूल टाळलं तर चालतं आणि गोळी घेतली तर नाही, असं का, हेतू तर एकच. फादर म्हणाले हेतू एक असला तरी कृती वेगळी आहे, एकात थांबणं आहे आणि दुसऱ्यात त्या क्रियेचं फळ मुद्दाम तोडणं आहे. मला हे पटलं नाही, अजूनही नाही. प्रसूती वॉर्डात काम केलेल्या बाईला हे उत्तर फार अपुरं वाटतं आणि त्यावर नीट भांडायला वेळ हवा होता, तोवर हॉल रिकामा करायची वेळ झाली.

बाकी बारीकसारीक, झेरॉक्स नोट्स पुसट आहेत, मागे बसलात तर पंख्यांच्या आवाजात ऐकू येत नाही, गाडी लावायला जागा नाही, ट्रेननेच या.

पुढची बॅच नाताळनंतर आहे. मी आमच्या वॉर्डातल्या दोघींची नावं देऊन आलेय आणि आक्षेपांना निदान दोन शनिवार द्या असं फादरांना चिठ्ठीत लिहून दिलंय.