चांगथांगच्या पश्मिन्याचा स्टोल: वस्त्र अस्सल, लेबलवरचा दावा अपुरा

लेहच्या मुख्य बाजारालगतच्या एका गल्लीत महिलांच्या बचत गटाने चालवलेल्या छोट्या दुकानातून मी गेल्या उन्हाळ्यात पश्मिन्याचा एक स्टोल 18,000 रुपयांना घेतला. त्याच्या लेबलवर ‘हाताने कातलेला, हाताने विणलेला, शाश्वत चराईतून आलेला’ असे तीन दावे छापलेले आहेत. पहिले दोन दावे वापरातून आणि निरखून पाहण्यातून खरे ठरले. तिसऱ्याबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण एवढी किंमत मोजण्याचे माझे मुख्य कारण तेच होते.

आधी वस्त्राविषयी. स्टोल रंगवलेला नाही. बकरीच्या अंगावरचा फिकट राखाडी-तपकिरी रंग तसाच ठेवलेला आहे. सूत टकळीवर कातलेले असल्याने त्याची जाडी किंचित कमीजास्त होते आणि उजेडात धरल्यास विणीत बारीक लाटा दिसतात. यंत्रावर कातलेल्या पश्मिन्यात असे होत नाही, कारण नाजूक तंतू यंत्राचा ताण सोसत नसल्याने पुष्कळदा त्यात नायलॉन मिसळतात आणि विणून झाल्यावर ते आम्लाने विरघळवून काढतात. त्यात मूळ तंतूचेही नुकसान होते. अंगठीतून शाल ओढून दाखवण्याचा जो खेळ पर्यटकांपुढे सर्रास चालतो, त्याला या दुकानात थारा नव्हता, हे मला विशेष आवडले. पातळ व्हिस्कोजसुद्धा अंगठीतून सहज जाते. पुण्याच्या थंडीत हा स्टोल जवळजवळ अनावश्यक आहे, परंतु पहाटेच्या प्रवासात तो इतका हलका वाटतो की खांद्यावर आहे याचा विसर पडतो. कडेला थोडे गोळे आले आहेत, तेवढे चालायचेच.

आता चराईविषयी. हे पश्म, म्हणजे बकरीची मऊ लोकर, पूर्व लडाखमधील चांगथांग पठारावरचे आहे. समुद्रसपाटीपासून 4,000 मीटरहून अधिक उंचीवरच्या या प्रदेशात चांगपा पशुपालक बकऱ्या, मेंढ्या आणि याक घेऊन कुरणाकुरणांतून फिरतात. उणे 30 अंशांच्या आसपास जाणाऱ्या हिवाळ्यात बकरीच्या राठ केसांखाली सुमारे 12 ते 15 मायक्रॉन जाडीची मऊ लव वाढते आणि ऊन तापू लागले की ती फणीने विंचरून काढतात. एका बकरीपासून वर्षाला साधारण पाव किलो कच्चे पश्म मिळते आणि राठ केस वेगळे केल्यावर त्यातूनही बरेच घटते. स्टोलची किंमत अवाजवी वाटणाऱ्यांनी हा हिशेब आधी करून पाहावा.

कुरणांची व्यवस्था चांगपांनी स्वतःच घडवलेली आहे. कोणत्या कुरणावर कधी जायचे आणि कधी हलायचे हे गोबा, म्हणजे वस्तीचा मुखिया, सर्वांशी बोलून ठरवतो. हिवाळ्यासाठी राखलेल्या कुरणात उन्हाळ्यात जनावरे सोडत नाहीत, म्हणूनच बर्फाच्या दिवसांत तिथे गवत शिल्लक राहते. या व्यवस्थेवर आज अनेक बाजूंनी ताण आहे. 1962 च्या युद्धानंतर सीमेलगतच्या काही हिवाळी कुरणांचा वापर आक्रसला आणि त्याच सुमारास तिबेटी निर्वासितांचे कळपही याच पठारावर आले. हवामान बदलाचा फटका दोन्ही टोकांनी बसतो: हिवाळ्यात बर्फ कमी पडले तर वसंतात झऱ्यांना पाणी नसते आणि गवत खुरटते, उलट 2013 च्या सुरुवातीसारखी अतिवृष्टी बर्फाच्या रूपाने झाली तर गवत त्याखाली गाडले जाते आणि जनावरे उपासमारीने दगावतात. त्यात याच भागातल्या पांग या ठिकाणच्या परिसरातल्या 13 गीगावॅटच्या प्रस्तावित सौर प्रकल्पामुळे कुरणे जातील ही धास्ती आहेच. 2024 च्या एप्रिलमध्ये लडाखचे पर्यावरण कार्यकर्ते सोनम वांगचुक यांनी जाहीर केलेला आणि पुढे मागे घ्यावा लागलेला ‘पश्मिना मार्च’ कुरणांच्याच प्रश्नावर होता.

यामुळेच लेबलवरचा ‘शाश्वत’ हा शब्द मला अपुरा वाटतो. पश्मिन्याला चांगला भाव मिळाला की कुरण आपोआप वाचते, असे दुकानातील माहितीपत्रक सुचवते. प्रत्यक्षात भाव चढला की कळपात याक आणि मेंढ्यांच्या तुलनेत बकऱ्या वाढवण्याचा मोह होतो. चांगथांगमध्ये बकऱ्यांचे प्रमाण तसे वाढलेही आहे आणि त्याच गवतावर जगणाऱ्या तिबेटी गॅझेलसारख्या (हरणासारखा एक प्राणी) दुर्मीळ प्राण्यांची जागा त्यामुळे आकसते. भारतीय मानक ब्यूरोचे 2019 चे पश्मिन्याचे मानक किंवा काश्मीर पश्मिन्याला 2008 मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन तंतूविषयी आणि कारागिरीविषयी हमी देते, गवताविषयी नाही. गवताविषयी काही सांगायचेच असेल तर ते कसे सांगावे याचा नमुना हिमाचल प्रदेशातल्या स्पितीतील किब्बर गावात आहे. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन या वन्यजीव संवर्धन संस्थेशी करार करून या गावाने 1998 मध्ये आपल्या कुरणाचा एक भाग चराईमुक्त ठेवला. किती जागा सोडली आणि त्याबदल्यात गावाला काय मिळाले, हे तिथे कोणालाही विचारता येते.

दुकानातल्या आचे-लेंना (लडाखीत ‘ताई’) मी हे विचारले, तेव्हा त्यांनी टाळाटाळ न करता जे सांगितले ते लेबलपेक्षा उपयोगाचे होते. दुकानात दोन प्रकारचा माल असतो. लेहच्या केंद्रात यंत्राने राठ केस काढलेले पश्म अनेक वस्त्यांमधून एकत्र येते, त्यामुळे ते कोणत्या कुरणातले हे नंतर सांगता येत नाही. दुसरा माल गटातील बायका आपल्या नात्यागोत्यातल्या कळपांचे पश्म हाताने निवडून कातून तयार करतात. त्याची वस्ती, त्या वर्षीचा मुक्काम आणि कळपातील बकऱ्या-मेंढ्यांची संख्याही त्या सांगू शकतात. माझा स्टोल दुसऱ्या प्रकारचा निघाला, पण लेबल दोन्हींना एकच लावले जाते, आणि किंमतीतला फरक सुमारे 4,000 रुपयांचा आहे. तो फरक देण्याजोगा आहे, मात्र मागणी केल्याशिवाय हा माल पुढे येत नाही; खरेदीला जाणाऱ्याने हाताने निवडलेल्या पश्माचाच स्टोल मागावा आणि वस्तीचे नाव पावतीवर लिहून घ्यावे. माझ्या पावतीवर त्यांनी ते आनंदाने लिहून दिले.