वाहत्या पाण्यासाठी एनडी फिल्टर : तीन काचांचा वर्षभराचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला ७७ मिलिमीटर व्यासाच्या, लेन्सवर आट्यांनी बसवायच्या तीन एनडी (न्यूट्रल डेन्सिटी) फिल्टरांचा, म्हणजे लेन्समध्ये शिरणारा प्रकाश कमी करणाऱ्या गडद काचांचा, संच मी विकत घेतला आणि चिपळूणजवळच्या सावतसडा धबधब्यापासून हरिहरेश्वरच्या कातळापर्यंत तो वर्षभर वापरला. त्याआधी माझ्याकडे फिरवून कमीजास्त करता येणारा व्हेरिएबल एनडी होता, आणि एकाच काचेत भागत असेल तर तीन काचा कशाला सांभाळायच्या, असे माझे मत होते. ते मत बदलले; मात्र संचातील तिन्ही काचा सारख्याच उपयोगी ठरल्या, असेही झाले नाही.

संचात एनडी ८, एनडी ६४ आणि एनडी १००० असे तीन फिल्टर आहेत, म्हणजे अनुक्रमे तीन, सहा आणि दहा स्टॉप. प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होत असल्याने शटर दुप्पट वेळ उघडे ठेवावे लागते, हा हिशेब एकदा अंगवळणी पडला की कोणती काच काढायची, हे पिशवीत हात घालण्यापूर्वीच ठरते. सावतसड्यासमोर जुलैतल्या ढगाळ दुपारी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १०० आणि एफ/११ इतके अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) ठेवून मला शटरचा वेळ १/१५ सेकंद मिळत होता. अ‍ॅपर्चर एफ/२२ पर्यंत बंद केले तर फिल्टरशिवायही पाव सेकंद मिळतो, पण इतक्या लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होऊन, म्हणजे तो कडांशी पसरून, कातळावरच्या शेवाळ्याचे बारकावे मऊ पडतात. त्याच जागी एनडी ८ लावल्यावर अर्धा सेकंद मिळाला, आणि पाण्याच्या धारा एकमेकींपासून वेगळ्या राहूनही रेशमासारख्या उतरल्या. एनडी ६४ लावून चार सेकंद दिले तेव्हा त्या धारांचा एकच पांढरा पडदा झाला, आणि शिवाय धबधब्याच्या वाऱ्याने हलणारी कडेची नेची आणि पाने पार विरघळून गेली. पावसाळी धबधब्याला मुळात प्रकाश कमी असतो. तिथे गडद काचेचा हव्यास नडतो, हे मला त्या दिवशी कळले.

समुद्रावर मात्र बाजू उलटते. हरिहरेश्वरला देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी कोरून जाळीदार केलेला काळा कातळ आहे, आणि ती वाट भरतीच्या वेळी धोक्याची असल्याने मी ओहोटीची वेळ पाहूनच उतरतो. सूर्य मावळण्याआधी तिथे १/६० सेकंद मिळत असेल, तर एनडी ६४ ने तो जवळपास एक सेकंद होतो. लाट फुटून परत फिरू लागली की त्या क्षणी शटर दाबायचे. मग खडकाच्या खाचांतून परतणाऱ्या पाण्याच्या पांढऱ्या रेषा चित्रात उमटतात आणि पाणी कुठून आले, कुठे गेले, हे पाहणाऱ्याला दिसते. एनडी १००० ने हाच वेळ सोळा सेकंदांच्या वर जातो, आणि समुद्राच्या जागी धुके पसरल्याचा भास होतो. असे एखादे छायाचित्र छान दिसते, पण दहा काढली की कोणता किनारा कोणता, हे माझे मलाच सांगता येईना.

या तिसऱ्या काचेविषयी माझी मुख्य तक्रार रंगाची आहे. पहिल्या दोन काचा जवळजवळ तटस्थ आहेत, पण ही काच चित्रावर तांबूस-तपकिरी छटा आणते. अशा गडद काचांमध्ये दृश्य प्रकाश अडतो आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश पुरेसा अडत नाही, तेव्हा हा प्रकार दिसतो. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या चित्रात) व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, सुधारून आकाश आणि पाणी ताळ्यावर आणता येते, परंतु कोकणातले ओले हिरवे रंग त्यानंतरही मळकट राहतात. शिवाय एनडी ८ आणि एनडी ६४ एकावर एक चढवले तर नऊ स्टॉप मिळतात, म्हणजे एनडी १००० पेक्षा केवळ एकच कमी. अतिशय रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सवर दोन फिल्टरांच्या कड्यांमुळे चित्राचे कोपरे काळवंडतात, तेवढी अडचण सोडली तर तिसरी काच वेगळी विकत घेण्याचे कारण उरत नाही.

काचांवरचा लेप चांगला आहे. धबधब्याचे तुषार थेंब होऊन घसरतात आणि सुती फडक्याने एका फटक्यात पुसले जातात. जुन्या फिल्टरवर त्यांचा तेलकट थर पसरत असे. कड्या मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या असून खाऱ्या हवेत त्या चिकटतात. एकदा दोन फिल्टर एकमेकांत असे अडकले की खोलीवर परतल्यावर दोन्ही कडांना जाड रबरबँड गुंडाळून पिळावे लागले. पितळी कडीचा हा त्रास कमी असतो, त्यामुळे पैसे थोडे जास्त लागले तरी पुढच्या वेळी मी तीच घेईन. तोवर समुद्रावरून आल्यावर कड्या गोड्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसून ठेवतो.

गडद काच लावण्यापूर्वी चौकट आणि फोकस ठरवून लेन्स मॅन्युअल फोकसवर टाकावी लागते, आणि डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) असेल तर मागची डोळा लावायची खिडकी झाकावी लागते, नाहीतर तिथून शिरलेला उजेड चित्रावर उमटतो. वाळूत ट्रायपॉड रोवताना पाय आधी दाबून खोल बसवावेत. परतणारी लाट पायांखालची वाळू ओढून नेते आणि एका सेकंदातही चित्र हलते. माझी पहिली संध्याकाळ अशीच गेली, आणि दोष काचेचा नसताना मी रात्रभर काचेला बोल लावत होतो.

जुना व्हेरिएबल एनडी मी भाच्याला दिला. त्यात दोन ध्रुवीकरण करणाऱ्या काचा एकमेकींवर फिरतात, आणि शेवटच्या टोकाला नेल्यावर रुंद लेन्सवर आकाशात गडद फुली उमटते. माझ्या कामाला ते चालत नव्हते. भाचा व्हिडिओ काढतो. त्याला शटर १/५० सेकंदावर स्थिर ठेवून बदलत्या उन्हात प्रकाश तेवढा कमीजास्त करायचा असतो, त्यामुळे तीच काच त्याच्या कॅमेऱ्यावर मजेत नांदते आहे.