तेलाला वर ढकलतं कोण: विरघळलेला वायू की खालचं पाणी?

नव्या विहिरीतलं तेल अनेकदा पंपाशिवाय वर येतं, ते खडकातल्या दाबामुळे. हा दाब कुठून मिळतो, यावर साठ्याचं भवितव्य ठरतं.

विरघळलेल्या वायूवर चालणारा साठा सोड्याच्या बाटलीसारखा वागतो. दाब एका मर्यादेखाली गेला की तेलातून वायू सुटतो, फुगतो आणि तेलाला विहिरीकडे रेटतो. पण वायू फार पातळ. वाट मिळताच तो एकटाच निसटतो आणि मागे राहिलेलं तेल आणखी दाट होतं. साधारण ५ ते ३० टक्के तेल हाती लागतं. बाकीचं खडकातच अडकून राहतं, याची खरंच हळहळ वाटते.

पाण्याचा रेटा मला कधीही सरस वाटतो. तेलाखालचं पाणी रिकामी झालेली जागा भरत राहतं, त्यामुळे दाब टिकतो. पुढे विहिरीतून पाणीही येऊ लागतं, एवढीच अडचण. अमेरिकेतल्या ईस्ट टेक्सास क्षेत्रानं (शोध १९३०) याच बळावर ५ अब्ज बॅरलहून जास्त तेल दिलं. पण बेसुमार उपशापुढे तेही पाणी कमी पडतं. १९३१ मध्ये दाब आणि भाव दोन्ही घसरू लागले, तेव्हा गव्हर्नरांनी सैनिक पाठवून विहिरी बंद करायला लावल्या.

आपल्या मुंबई हायमध्ये १९७६ साली उत्पादन सुरू झालं. तिथे निसर्गाचा जोर पुरेसा नव्हता; १९८४ पासून समुद्राचं पाणी साठ्यात सोडावं लागलं.