अ‍ॅपवरचे शेअर डीमॅट खात्यात आहेत का, ते आधी बघा

माझ्या बाबांना शेअर बाजार नवा नव्हता. सही जुळत नाही म्हणून परत आलेली कागदी सर्टिफिकेटं त्यांनी पाहिली आहेत. 1996 मध्ये शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात सांभाळणारी एनएसडीएल ही संस्था सुरू झाली, शेअर कागदावरून डीमॅट म्हणजे इलेक्ट्रॉनिक खात्यात गेले, पुढे सगळा व्यवहारच मोबाइलवर आला. स्क्रीनवर दिसतं ते खरं, ही सवय त्यांना खऱ्या बाजारानेच लावली. ठगांनी नेमका तिचाच फायदा घेतला.

व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमध्ये त्यांना कोणीतरी घेतलं. सकाळी टिप्स, दुपारी इतरांच्या नफ्याचे स्क्रीनशॉट. मग लिंकवरून एक अ‍ॅप उतरवायला लावलं. परदेशी संस्थांच्या कोट्यातून आयपीओ, म्हणजे कंपनीने पहिल्यांदाच विक्रीला काढलेले शेअर, मिळवून देतो, म्हणाले. असल्या 'इन्स्टिट्यूशनल अकाउंट'ची, म्हणजे संस्थांच्या खात्यातून सामान्यांनी शेअर घेण्याची, सोयच शेअर बाजारात नाही, असं बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2024 च्या फेब्रुवारीतच जाहीर केलं होतं. घरात कोणीही ते वाचलं नव्हतं.

पैसे दर वेळी वेगळ्याच नावाच्या करंट खात्यात भरायला सांगत. खऱ्या आयपीओत अर्ज केल्यावर रक्कम आपल्याच बँक खात्यात ब्लॉक होते आणि शेअर लागले तरच जाते. इथे आधी पैसे, मग अलॉटमेंट! अ‍ॅपवर मात्र नफा वाढतच होता. काढायला गेले, तर म्हणे आधी कर भरा. बाबांनी तोही भरला. शेअरच्या नफ्यावरचा कर आपण सरकारकडे भरतो, पैसे सोडवण्यासाठी अ‍ॅपवाल्याला नाही.

शेअर खरोखर घेतले असतील, तर ते एनएसडीएल किंवा तिच्यासारख्याच सीडीएसएल या संस्थेकडे आपल्या नावावर दिसतातच. दोघींची स्वतःची अ‍ॅप आहेत, शिवाय ईमेलवर एकत्रित स्टेटमेंट येतं. बाबांच्या स्टेटमेंटमध्ये त्यातला एकही शेअर नव्हता. पैसे पाठवण्याआधी ब्रोकरचं बँक खातं किंवा यूपीआय आयडी 'सेबी चेक'वर तपासता येतो. ही सोय 2025 मध्ये आली आहे, ती वापरा.

आणि घरातल्या मोठ्यांवर चिडू नका, कळकळीने सांगते. आम्ही ओरडू या भीतीने बाबा गप्प राहिले. तोवर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून पुढे गेले होते. मधल्या एका खात्यात उरलेली थोडी रक्कम तेवढी गोठवता आली. संशय आला की त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावा. यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकेच्या प्रत्येक व्यवहाराला मिळणारा वेगळा नंबर, हाताशी ठेवा आणि ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट काढून घ्या. तक्रारीच्या वेळी पोलिसांनी आमच्याकडे हेच मागितलं.