मुख्य कार्यकारी कोणी शोधायचा: एजन्सीने की आपल्याच शोध समितीने?

परदेशी भागीदारांसोबत पाणलोट, जैवविविधता किंवा हवामान बदलावर काम करणाऱ्या संस्थेत मुख्य कार्यकारी, म्हणजे संचालक, बदलायची वेळ आली, की विश्वस्तांमध्ये दोन मतं पडतात. काहींना दिल्ली-मुंबईच्या एक्झिक्युटिव्ह सर्च एजन्सीकडे काम सोपवायचं असतं. बाकीचे म्हणतात, पाच जणांची शोध समिती नेमू, जाहिरात देऊ, आपणच निवडू. चांगली माणसं दोन्हीकडून मिळतात. पण संस्थेचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगर, बीड किंवा लातूरला असेल तर निर्णय करताना काही गोष्टी वेगळ्या तोलाव्या लागतात.

आधी एजन्सीच्या बाजूचं, कारण ती बाजू कमकुवत नाही. जाहिरात वाचून अर्ज करतो तो माणूस बहुधा नोकरी शोधतच असतो. एजन्सी न शोधणाऱ्यांपर्यंत पोचते. काठमांडूतल्या इसिमोडमध्ये (हिमालय-हिंदुकुश भागावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) किंवा संयुक्त राष्ट्रांच्या एखाद्या कार्यालयात स्थिरावलेल्या माणसाला विश्वस्तांनी थेट फोन करणं अवघड, एजन्सीचं ते रोजचं काम. गुप्तता चांगली राहते. विश्वस्तांच्या नात्यागोत्यातली नावं पहिल्याच चाळणीत गळतात, हाही फायदा लहान नाही. वेळही कमी लागतो: एजन्सीकडून तीन ते चार महिने, समितीकडून पाच ते सहा. निवडलेल्या माणसाचा तीन महिन्यांचा नोटीस पिरियड दोन्हीकडे वेगळा धरावा.

खर्चाचा हिशेब मात्र कागदावर मांडून बघावा. एजन्सीची फी साधारणपणे पहिल्या वर्षाच्या पगाराच्या २५ ते ३३ टक्के असते, तीन हप्त्यांत. पगार ३० लाख आणि फी ३० टक्के धरली तर ९ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १० लाख ६२ हजार. ही रक्कम परदेशी देणगीतून द्यायची असेल तर एफसीआरएच्या, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याच्या, २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आलेली आहे. वर्षाला ३ कोटी येत असतील तर मर्यादा ६० लाख. संचालकाचा पगार आणि भरतीचा खर्च दोन्ही त्यातच बसवायचे. उरतात १९ लाख ३८ हजार, आणि त्यात हिशेबनीस, ऑडिट, कार्यालयाचं भाडं, वीज. मोठ्या संस्थेला हे झेपतं. मध्यम संस्थेने फीसाठी स्थानिक देणगी बाजूला काढलेली नसेल तर करारावर सही करू नये.

पण आमचं पारडं समितीकडे झुकलं, ते फीमुळे नाही. ते झुकलं बिऱ्हाडामुळे.

एजन्सीच्या प्रक्रियेत राहण्याच्या जागेचा प्रश्न शेवटी येतो. तीन फेऱ्या होतात, सादरीकरण होतं, पगार ठरतो, आणि ऑफर लेटर निघायच्या आठवड्यात उमेदवार म्हणतो, कुटुंब पुण्यातच राहील, मी महिन्यातले आठ-दहा दिवस येईन. तोवर दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला नकार कळवून झालेला असतो. यात उमेदवार खोटं बोलत नाही. त्याला पहिल्या फोनवर कोणी हे सरळ विचारलेलंच नसतं. एजन्सीच्या सल्लागाराच्या दृष्टीने ती वाटाघाटीची बाब असते. आपल्या दृष्टीने ती पात्रतेची अट आहे. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा हेच घडताना पाहिलं.

ही अट इतकी महत्त्वाची का? महाराष्ट्रात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमापासून चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान या अटी गावाने स्वतः मान्य कराव्या लागतात. त्या मान्य होतात रात्री नऊनंतर, शिवारातून माणसं परतून जेवणं उरकली की, मारुतीच्या पारावर. संचालकाने प्रत्येक बैठकीला बसावं असं नाही. पण शेळ्या राखणाऱ्यांचा चराईबंदीला विरोध का आहे हे ज्याने एकदाही कानाने ऐकलं नाही, तो देणगीदाराला उशिराचं कारण पटवून देऊ शकत नाही. आणि जर्मनीशी बोलायला दिल्लीत राहायची गरज नाही. त्यांची सकाळ आपल्या दुपारी सुरू होते. दोन ते सात या वेळात संभाजीनगरहूनही सगळे कॉल होतात.

समितीत हा प्रश्न जाहिरातीच्या दुसऱ्या ओळीत टाकता येतो: मुख्यालयी राहणे बंधनकारक. अर्जांची संख्या घटते. घटू द्यावी. मग वीस मिनिटांच्या पहिल्या फोनवर मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी, आई-वडिलांची काळजी हे विषय उमेदवाराला स्वतःहून काढू द्यावेत. खासगी गोष्टी खोदून विचारणं योग्य नाही, फक्त "इथे राहायला कधी याल?" एवढं विचारून थांबावं.

समिती बिघडते ती जवळजवळ नेहमी एकाच जागी: मावळते संचालक तिच्यात बसतात. त्यांच्याकडून लेखी टिपण घ्यावं, मताचा अधिकार देऊ नये. पाचांत दोन विश्वस्त, एक भागीदार संस्थेचा प्रतिनिधी, एक मैदानी कामातला ज्येष्ठ कार्यकर्ता आणि एक बाहेरचा, ज्याने स्वतः संस्था चालवली आहे. एखाद्या सदस्याने उमेदवाराचं नाव सुचवलं तर त्या उमेदवाराला त्याने गुण द्यायचे नाहीत, हे पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहून ठेवावं.

मुलाखतीपेक्षा दोन तासांची लेखी परीक्षा जास्त सांगून जाते. उमेदवाराला एक पत्र द्यावं: पावसाने ओढ दिली, काम थांबलं, खर्च नियोजनापेक्षा ४० टक्क्यांनी मागे आहे, देणगीदार खुलासा मागतो. एक पान इंग्रजी उत्तर देणगीदाराला, आणि अर्धं पान मराठी निरोप गावच्या पाणलोट समितीला. इंग्रजी उत्तर बहुतेकांचं बरं येतं. मराठी अर्ध्या पानात खरा फरक दिसतो: कोणी शासकीय परिपत्रक लिहितो, कोणी "पुढचा हप्ता उशिरा येईल, मजुरी मात्र थकणार नाही" असं लिहितो. मराठी न येणारा उमेदवार असेल तर त्याने काय सांगितलं असतं ते तोंडी ऐकावं. त्याला बाद करू नये.

अंतिम तिघांना एक दिवस गावात न्यावं. तारीख जपून ठरवावी. दसरा-दिवाळीनंतर आष्टी-पाटोद्याकडची गावं ऊसतोडीला जाऊन अर्धी रिकामी होतात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. तेव्हा मे महिना बरा: माणसं गावात असतात, विहिरी तळाला गेलेल्या असतात, आणि उन्हात पाणलोटाचा माथा ते पायथा चालताना उमेदवार कोणाशी बोलतो ते दिसतं. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, इतकंच ज्याला मराठवाड्याबद्दल ठाऊक आहे, त्याला उसाबद्दल आणि बोअरवेलच्या खोलीबद्दल विचारावं.

संदर्भ-चौकशी समितीने स्वतः फोनवर करावी, उमेदवाराची परवानगी घेऊन. एजन्सीचा चौकशी अहवाल इतका इस्त्री केलेला असतो की त्यात सुरकुती सापडत नाही. आधीच्या संस्थेच्या हिशेबनिसाशी बोलावं: देणगी ठरल्या कामावरच खर्च झाल्याची उपयोगिता प्रमाणपत्रं वेळेवर जात होती का?

मुदतीबाबत एक नमुना घेण्यासारखा आहे. उत्तर अमेरिकेच्या पर्यावरण सहकार्य आयोगाच्या मूळ करारात कार्यकारी संचालकाला तीन वर्षं आणि एकच मुदतवाढ होती, आणि पद अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोच्या नागरिकांत फिरतं ठेवलं होतं. फिरतेपणा आपल्याला लागू नाही, पण तीन अधिक तीन ही मुदत नेमणूकपत्रात घालता येते.

रुजू झाल्यावर केंद्रीय गृहमंत्रालयाच्या एफसीआरए विभागाकडे बदल ४५ दिवसांत कळवावा. संचालक पदसिद्ध विश्वस्त असेल तर धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट ९० दिवसांत.

आणि तरीही एजन्सीच हवी असेल, म्हणजे उमेदवार परदेशातून आणायचा असेल किंवा विश्वस्तांमध्येच तट पडलेले असतील, तर करारात दोन वाक्यं घालून घ्यावीत. पहिल्या यादीतल्या प्रत्येक नावासमोर राहण्याच्या जागेबद्दल उमेदवाराचं लेखी उत्तर असेल. फीचा शेवटचा हप्ता तो माणूस मुख्यालयी सहा महिने राहिल्यानंतर मिळेल.