अ‍ॅक्यूकोबॉलचा कॉम्बो-बॉक्स: माल चोख, पण कोड डावीकडे ठेवा

पाचपैकी चार तारे, कोबॉल या जुन्या भाषेसाठीच्या अ‍ॅक्यूकोबॉल या सॉफ्टवेअरमधल्या कॉम्बो-बॉक्सला, म्हणजे बाण दाबला की यादी उघडणाऱ्या चौकटीला. कापलेला एक तारा खरं तर माझ्याच डोक्याचा आहे, कारण खाली सांगतोय ते सगळे घोळ मी स्वतः घातलेले आहेत.

आमचा जुना हिशेबाचा प्रोग्राम काळ्या पडद्यावरचा. खातं निवडायचं म्हणजे ऑपरेटरने ‘०७’ असा त्याचा कोड ठोकायचा. त्यावर विंडोजचा पडदा चढवायचा होता आणि स्क्रीन सेक्शन (प्रोग्राममधला पडदा आखणारा भाग) फेकून द्यायची इच्छा नव्हती, म्हणून अ‍ॅक्यूकोबॉल. मूळ कंपनी अ‍ॅक्यूकॉर्प २००७ मध्ये मायक्रो फोकसकडे गेली, मायक्रो फोकस २०२३ मध्ये ओपनटेक्स्टकडे आणि २०२४ पासून हा सगळा कारभार रॉकेट सॉफ्टवेअरकडे. पाटी इतक्यांदा बदलली, पण माझ्या कॉम्बो-बॉक्सच्या ओळींना हात लावायची वेळ आली नाही.

लिहायला सोपा आहे. स्क्रीन सेक्शनमध्ये एन्ट्री-फील्ड (टाइप करायची साधी चौकट) लिहिता तसाच कॉम्बो-बॉक्स लिहायचा, डिस्प्ले करायचा, मग मॉडिफाय करून आयटम-टू-अ‍ॅडने एकेक नाव आत टाकायचं. यादी नव्याने भरायची तर आधी रीसेट-लिस्ट. क्रम मात्र पाळा: डिस्प्ले आधी, भरणं नंतर. पडद्यावर नसलेल्या कॉम्बोत काय भरणार?

स्टाइल निवडताना ड्रॉप-डाउन आणि ड्रॉप-लिस्ट यांत गल्लत करू नका. ड्रॉप-डाउनमध्ये वरच्या चौकटीत मनाला येईल ते टाइप करता येतं. खात्यासाठी ते नको, यादीतलंच निवडू देणारी ड्रॉप-लिस्टच हवी. उंचीचंही तसंच. विंडोज कॉम्बोची उंची धरताना उघडलेली यादीसुद्धा त्यात मोजतं. मी कंजूषपणे एकच ओळ दिली होती. बाणावर क्लिक केलं की खाली नुसती रेघ दिसायची.

पुढची गंमत महिन्यांच्या यादीत. इंग्रजी नावं जानेवारीपासून नीट भरली, उघडून पाहतो तर वर एप्रिल, मग ऑगस्ट, मग डिसेंबर! कॉम्बो स्वतःहून अक्षरक्रम लावतो. नको असेल तर अनसॉर्टेड लिहावं लागतं.

पण मला खरा दणका बसला तो व्हॅल्यूने. निवड झाली की कॉम्बो व्हॅल्यूत तुम्हाला मजकूर परत देतो, फाइलला हवा असतो कोड. मी नावं आणि त्यांच्या कोडचं टेबल करून त्यात सर्च लावला. व्हॅल्यूचं फील्ड ठेवलं होतं पिक एक्स १६ चं, म्हणजे १६ अक्षरांचं, आणि काही नावं त्याहून लांब. उजवीकडची अक्षरं गुपचूप कापली गेली, टेबलात मात्र नाव पूर्ण. सर्च गेला अ‍ॅट एंडला, म्हणजे काहीच न सापडल्यावर काय करायचं ते लिहायच्या जागी, आणि तिथे मी काहीच लिहिलं नव्हतं. मागच्या नोंदीचा कोड तसाच राहिला आणि परत गेलेली खरेदी विक्रीच्या खात्यात जाऊन बसली. महिनाअखेरीला ताळा जमेना तेव्हा कळलं. (मागे लागलेल्या रिकाम्या जागांना मी उगाच घाबरत होतो, तुलना करताना कोबॉल आखूड बाजू स्पेसने भरून घेतं.)

तेव्हापासून मी मजकुरातच कोड घालतो, तोही डावीकडे, ठरलेल्या लांबीचा आणि आधी शून्य लावून: ‘००७ खरेदी परत’. निवड झाली की व्हॅल्यूची पहिली ३ अक्षरं उचलायची, म्हणजे फील्डच्या नावापुढे कंसात १:३. टेबल नको, सर्च नको. उजवीकडचं नाव कापलं गेलं तरी कोड शाबूत, एकसारखी दोन नावं आली तरी गोंधळ नाही. आणि ज्या अक्षरक्रमावर मी चिडलो होतो तोच आता कामाचा: शून्य लावलेले कोड आपोआप चढत्या क्रमाने लागतात, अनसॉर्टेडची गरजच उरत नाही. महिनेही ‘०१ जानेवारी’ असे लिहिले की मुकाट रांगेत उभे राहतात.

निवड बदलताच दुसरी यादी बदलायची असेल, तर नोटिफाय-सेलचेंज ही स्टाइल लावून इव्हेंट प्रोसीजरमध्ये (काही घडलं की चालणाऱ्या भागात) एनटीएफ-सेलचेंज ही ‘निवड बदलली’ची खबर पकडा. त्यासाठी अ‍ॅक्यूजीयूआय डॉट डेफ ही व्याख्यांची फाइल प्रोग्राममध्ये कॉपी केलेली हवी. एवढं केलं की बिनबोभाट चालतं.

वस्तूंच्या ९०० नावांसाठीही मी हौसेने कॉम्बोच लावला होता. आमच्या जुन्या ऑपरेटर ताईंनी अर्धा दिवस वापरला आणि म्हणाल्या, “त्यापेक्षा मी आपला नंबरच मारते.” तिथे परत एन्ट्री-फील्ड आलं, शेजारी शोधायचं बटण.